वळणावरचं माहेर

सुकी मासळी भरलेला टेम्पो महादू एका लयीत घाट चढवायचा. "चढावर थांबलं की पुन्हा उचलायला डिझेल जळतं," म्हणायचा. बायकोचं, सगुणाचं माहेर नेमकं मधल्या वळणावर. दर बाजाराच्या दिवशी तिची आई रस्त्यात उभी राहायची आणि हळू चाललेल्या टेम्पोबरोबर चालत खिडकीतून भाकऱ्यांचं गाठोडं द्यायची. तेवढीच भेट.

आज वळणावर आई नव्हती. सगुणा मागे बघत राहिली.

महादूने टेम्पो कडेला घेतला, चाकामागे दगड लावला. "जा, भेटून ये."

आई सुजलेला गुडघा बांधून ओसरीवर बसली होती. सगुणा दिसताच तिने लेकीचं तोंड ओंजळीत धरलं.

"बस अशी समोर, बाय. किती वर्षांत तुला नीट बघितलंच नाही मी."