काऊचा घास

“हा घे काऊचा घास,” सानिकाने दूधभात पुढे केला. पाच वर्षांच्या रेवाने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

पुढे रक्तदाब वाढू नये म्हणून जन्मतःच दिलेल्या लशीमुळे रेवाच्या पिढीला मीठ विषासारखं कडू लागे. गेल्या आठवड्यात जुलाबांनी पोरीचे डोळे खोल गेले, तेव्हा सानिकानेच तिचं नाक दाबून, काऊ-चिऊची नावं घेत साखर-मिठाचं पाणी घशाखाली उतरवलं होतं. पोर वाचली, पण आईच्या हातचं खाईना.

“अगं, गोड आहे. बघ, मी खाते.”

“तेव्हापण असंच म्हणालीस,” रेवा बोटांआडून म्हणाली. “आणि पिऊन दाखवलंस.”

सानिकाने घास परत वाटीत ठेवला. ते पाणी तिला खरंच गोड लागलं होतं.