खाली कोणी नाही ना?

"खाली कोणी नाही ना?" तिने वॉकीटॉकीवर विचारलं.

"कोणी नाही. सोड खाली," जमिनीवरून इशारे देणारे नाना म्हणाले. एकाच भाऱ्यासाठी ते हे आठव्यांदा सांगत होते.

सळयांचा भारा क्रेनच्या हुकाला लटकत होता. खाली नानांनी पिवळी दोरी बांधून जागा मोकळी केली होती, आणि माणसं दोरीच्या बाहेर उभी होती. वीस मजले उंचावरच्या केबिनमधून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. दोरीच्या आत मांजरसुद्धा नव्हतं. तरी तिचा हात दांड्यावर अडून बसला होता.

साइटवर तिला सगळे 'आकाशवाणी' म्हणत. माणूस दिसायचं नाही, नुसता आवाज वरून यायचा. बारा वर्षांत तिच्या हुकावरून एक वीट निसटली नव्हती. अलीकडे तर ती फारच जपून काम करते, असं लोक कौतुकानं सांगत. कौतुकाच्या आड काय काय खपून जातं, ते सांगणाऱ्यांना कुठे माहीत असतं.

नवव्यांदा विचारायला तिने बटण दाबलं आणि सोडून दिलं. नाना काय सांगणार हे तिला माहीत होतं. त्याने आपलं समाधान होणार नाही, हेही माहीत होतं. डोळ्यांना दिसतंय, कानांनी ऐकलंय, तरी छातीतली धडधड थांबत नाही. याला जपून काम करणं म्हणत नाहीत, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आधी ती घाबरली. मग थोडं बरंही वाटलं. घरात चोर आहे की भास आहे, एवढा तरी निकाल लागला होता.

"नाना, तुम्ही बोलत राहा. थांबू नका. हा भारा उतरवते, मग मीही उतरते."

नानांनी का म्हणून विचारलं नाही. "दहा मीटर," ते म्हणाले. "सात. पाच. सावकाश. तीन. दोन. एक. टेकला."

तिने क्रेन बंद केली आणि शिडीला लागली. खाली काय ऐकावं लागेल ते तिला ठाऊक होतं. बाईमाणसाला झेपलं नाही. या एका वाक्याला भिऊन तिने दोन महिने तोंडातून ब्र काढला नव्हता. वाटेत एकदाच ती थांबली, दम खाल्ला आणि पुढची पायरी उतरली.

पत्र्याच्या ऑफिसात इंजिनीअर नकाशावर वाकला होता. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा.

"ताई, दुपारी स्लॅब भरायचाय आणि तुम्ही खाली?"

"दुसरा ऑपरेटर बोलवा साहेब. मला बरं नाही."

"ताप आहे का?"

"नाही. भीती वाटते. सारखी."

"अहो, टेन्शन कुणाला नाही? माझ्याकडे बघा." त्याचा फोन तेवढ्यात वाजलाच.

"टेन्शन मलाही पहिल्या दिवसापासून आहे," ती म्हणाली. "पण मी शिडी उतरले की ते वरच राहायचं. आता माझ्याबरोबर घरी येतं. जेवायला बसतं, झोपू देत नाही. मुलगी शाळेत पोचली का, म्हणून मी बाईंना रोज पाच फोन करते. पोचली हे कळल्यावरही करते."

इंजिनीअरने फोन न घेता पालथा ठेवला. पोरगा वाईट नव्हता, नुसता तारखेला बांधलेला होता. "पण लोक काय म्हणतील, ताई?"

"म्हणू दे. आजचा भारा जागेवर टेकलाय. उद्याच्या भाऱ्याची खात्री मला देता येत नाही, म्हणून आज उतरले."

त्याने हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. त्यात 'तब्येत' असा एक रकाना होता. मुकादम रोज सकाळी पहिल्या नावापुढे 'ठीक' लिही आणि खालच्या सगळ्यांपुढे मान वर न करता 'सदर', म्हणजे 'वरीलप्रमाणेच', लिहीत जाई. एकाचा अंगठा ठेचला होता तेव्हाही तो सदरच होता. आज असे बासष्ट सदर होते.

तिने पेन घेतलं आणि स्वतःच्या नावापुढचा सदर खोडला. रकाना अरुंद होता, म्हणून समासात लिहिलं: 'मन ठीक नाही. दोन महिने झाले. डॉक्टरकडे जात आहे.' खाली पूर्ण सही केली. अक्षर जराही हललं नव्हतं. बारा वर्षांत एवढं जड काही तिने उचललं नव्हतं, आणि ते नेमकं जागेवर ठेवलं होतं. तिला स्वतःचा अभिमान वाटला.

इंजिनीअरने वाचलं. मग दुसऱ्या ऑपरेटरला फोन लावला. "बरी होऊन या," तो तिला म्हणाला. "केबिन तुमचीच आहे."

ती वळली तर दारात नाना उभे होते, आणि त्यांच्यामागे सळया बांधणारी सगळी टोळी. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मग टोळीतला एक जण म्हणाला, "स्लॅब काय पळून जातोय होय? तू जा, ताई."

ते बाजूला झाले आणि ती त्यांच्यामधून मान ताठ ठेवून बाहेर पडली.

इंजिनीअर रजिस्टर मिटायला गेला. नानांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि पानावर आपल्या नावापुढच्या 'सदर'वर बोट ठेवलं.

"राहू द्या साहेब उघडं," ते म्हणाले. "आणि ते पेन जरा इकडे द्या."