बाकावरचा अडसर

"दार लावून घे," प्रशिक्षक म्हणाले.

कर्णधाराने दार लावलं. पलीकडे बाकीचे खेळाडू मुकाट्याने बॅगा भरत होते. सामना हरून अजून अंगावरचा घामही वाळला नव्हता. कर्णधाराचं कोपर सोलवटलं होतं आणि त्यावर त्याने टॉवेल दाबून धरला होता.

"मित्राची नोकरी वाचवायला मुद्दाम हरताय तुम्ही," प्रशिक्षक म्हणाले. "आणि याचा म्होरक्या तू आहेस."

मित्र म्हणजे अडसर. हे त्याचं टोपणनाव. बास्केटबॉलच्या या संघात त्याला एकच काम होतं. समोरच्या संघात जो सगळ्यात जास्त बास्केट करतो, त्याच्या वाटेत उभं राहायचं. स्वतः तो क्वचितच बास्केट करायचा. त्याच्याकडे चेंडू आला की प्रेक्षक हसायचे. तोही चेंडू गरम पातेल्यासारखा चटकन दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

प्रशिक्षक या क्लबात नवे होते. ते रुजू झाले तेव्हाच व्यवस्थापक त्यांना म्हणाले होते, "अडसरचा करार संपत आलाय. ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर कशाला हवाय? पोरांमध्येही त्याच्याबद्दल कुरबूर आहे." प्रशिक्षकांनी रीतसर पारख करायची ठरवली. अडसरला बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी एक नेमबाज उतरवला.

संघाच्या बास्केट वाढल्या. समोरच्यांच्या मात्र त्याहून जास्त वाढल्या. आपले दोघं एकाच माणसामागे धावायचे आणि तिसराच मोकळा सुटायचा. जिंकणारा संघ हरायला लागला.

प्रशिक्षकांना दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर हा बास्केट न करणारा माणूस खरोखरच इतका मोलाचा होता. किंवा तो मोलाचा आहे असं बाकीचे मिळून भासवत होते. पहिली गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. दुसरी त्यांनी स्वतः भोगली होती. आधीच्या क्लबात खेळाडूंनी आपसात ठरवून ढिला खेळ केला होता आणि त्यांना घरी पाठवलं होतं. वर निरोपाच्या दिवशी त्यांच्याच गळ्यात पडून रडलेही होते.

तेव्हापासून त्यांचा कोणावर विश्वास उरला नव्हता. "चहात साखर कमी पडली तरी तुम्ही माझ्याकडे चोर पकडल्यासारखं बघता," असं बायको म्हणायची.

इथेही त्यांना सगळं दिसत होतं. ते कॅन्टीनमध्ये शिरले की बोलणी थांबायची. अडसर रोज कर्णधाराच्या गाडीतून घरी जायचा. बाकावर बसूनही त्याचं तोंड बंद नसायचं. "डावीकडे बघ! मागून येतोय! सोड त्याला!" असा तो सारखा ओरडायचा. या खाणाखुणाच आहेत, दुसरं काय, असं प्रशिक्षकांना वाटलं. एका सामन्यात ते त्याच्यावर खेकसले, "गप्प बस. एक शब्द नको." अडसर हात मांड्यांखाली दाबून गप्प बसला. मग तर संघाची पार दाणादाण उडाली. इशारे थांबले तर आता हे उघड उघड हरायला लागले, असं म्हणत प्रशिक्षकांनी दात-ओठ खाल्ले.

म्हणून आज त्यांनी अडसरला यायलाच मनाई केली होती. बाकीच्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "आज हरलात तर अडसरचं काय ते नंतर बघू. तुमच्यातला एक जण मात्र नक्की जाईल."

तरी ते हरले. नुसते हरले नाहीत, धुतले गेले.

"बोल ना," प्रशिक्षक म्हणाले. "कट शिजतो कुठे? तुझ्या गाडीत?"

"त्याचं घर माझ्या वाटेवर आहे, सर."

"आणि मी आलो की तुमची तोंडं का शिवली जातात?"

"भीती वाटते तुमची."

कर्णधार खाली बाकड्यावर बसला. टॉवेल बाजूला झाला. कोपरच नाही, त्याचे दोन्ही गुडघेही सोलवटले होते. रेषेबाहेर चाललेल्या चेंडूसाठी त्याने फरशीवर अंग झोकून दिलं होतं, ते प्रशिक्षकांना आठवलं. सोंग करणारा माणूस स्वतःला इतकं आपटून घेत नाही. त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या संशयाचा संशय आला.

"आज आम्ही जीव तोडून खेळलो, सर. कोणीही जरासुद्धा अंग चोरलं नाही."

"मग हाच संघ आधी जिंकत कसा होता?"

कर्णधाराने टॉवेल पुन्हा कोपरावर दाबला.

"अडसर माझा मित्र नाही," तो म्हणाला. "त्याला काढा, असं व्यवस्थापकांना जाऊन सांगणारा मीच."

प्रशिक्षक त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. यात काही डाव असेल म्हणून त्यांनी शोधून पाहिलं. डाव नव्हता.

"गाडीत तो मला रोज सांगायचा, उद्या समोरचा कुठून घुसेल, मी कुठे उभा राहीन. मी गाणी लावायचो. समोरच्याच्या हातून चेंडू हिसकावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं लोक म्हणतात. मी बेधडक झेप घ्यायचो. हुकली तरी मागे काही बिघडायचं नाही. आज दर वेळी हुकल्यावर वळून बघितलं, तर मागे कोणीच नव्हतं."

त्याने टॉवेल तोंडावर धरला.

"आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, आपला बचाव म्हणजे मी."