कोरा चेहरा

आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या चॅरिटी शॉपमधून यामिनीने एक जुनी फ्रेम आणली. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन चित्रकाराच्या वहीतलं पान, शाईने रेखाटून पातळ करड्या रंगाने भरलेलं. खुर्चीतल्या नवऱ्याच्या कोटाचं बटणन् बटण काढलेलं. मागे उभ्या बायकोचा चेहरा तेवढा राहून गेलेला. यामिनीला त्याचं नवल वाटलं नाही.

“ग्रँड आहे,” तिचा नवरा अभिजित लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

आठवडाभरात चित्रातल्या त्या बाईला यामिनीचा तिरपा भांग आला, हनुवटीवरचा व्रण आला. आज डोळेही उमटले. शाई ओली होती.

“अरे, बघ तरी! ही मी आहे.”

“हं. चहा टाक ना, यामिनी.”

स्वयंपाकघरातून यामिनीच्याच आवाजात उत्तर आलं, “टाकलाय रे!”

चित्रात आता खुर्चीमागे कुणीच नव्हतं.

अभिजितने मान वर केली आणि समोर उभ्या यामिनीच्या आरपार, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून तो प्रेमाने हसला.