हा विषय आत्ता नको

शमीम मुलाणी पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली होती. तिचं तिसरं, मौलानांबद्दलचं वाक्य पुरं व्हायच्या आत बैठक चालवणाऱ्या उद्धवरावांनी माइकसाठी हात पुढे केला.

चिंचवडमधल्या त्या लहानशा हॉलमध्ये देव न मानणाऱ्यांची बैठक भरली होती. मागच्या बैठकीत दिव्याने सांगितलं होतं, भटजी आणि काका आडवे आले तरी तिने आईला अग्नी कसा दिला ते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, सगळ्यात जोरात उद्धवरावांनी. त्या टाळ्या ऐकूनच शमीमने आज बोलायचं ठरवलं होतं.

"शमीमताई, हा विषय आत्ता नको," उद्धवराव हळू आवाजात म्हणाले. माणूस भित्रा नव्हता. जत्रेतल्या बोकडांच्या बळीविरुद्ध बोलले म्हणून स्वतःच्या गावात त्यांनी मार खाल्ला होता. "वातावरण वाईट आहे."

"दिव्याताईंनी भटजीचं नाव घेऊन सांगितलं. तेव्हा वातावरण चांगलं होतं?"

"तसं नाही हो. उद्या तुमचं बोलणं एखाद्या टोळक्याच्या हाती लागलं तर? कुरुळीच्या तुमच्या वस्तीत मुसलमानांची चार घरं. दगड त्यांच्यावर पडतील."

"त्यातलं एक माझं आहे, उद्धवराव."

मागच्या रांगेतून कुलदीप उठला. अलीकडेच यायला लागला होता. फोन त्याने आधीच वर धरला होता.

"बोला ताई, बिनधास्त बोला! आमच्या सणांवर बोलायला सगळे पुढे असतात, तुमच्यावर बोलायची यांची छाती नाही. मी सगळ्या ग्रुपवर टाकतो."

"मागच्या वेळी दिव्याताई बोलत होत्या, तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात."

"ते आपल्या घरातलं होतं. चारचौघांत कशाला?"

"हे माझ्या घरातलं आहे. फोन ठेवा."

त्याने ठेवला नाही. तेव्हा दिव्या जागेवरून उठली आणि त्याच्या फोनसमोर पाठ करून उभी राहिली. पुढचा सगळा वेळ ती तशीच उभी होती.

शमीमचा आवाज चढला होता. तिने तो खाली आणला नाही.

"माझे अब्बा पाच वेळची नमाज पढायचे. मी काहीच मानत नाही हे त्यांना माहीत होतं. शुगरनं त्यांचा पाय सडला. मी कंपनीतून सुटले की आधी त्यांचं ड्रेसिंग करायचं, मग चहा. भाऊ सौदीत. एक दिवस अब्बा म्हणाले, 'तू दुआ करणार नाहीस. माती तरी टाकशील ना?' मी हो म्हणाले. मयतीला भाऊ आला. कब्रस्तानच्या फाटकात मौलाना म्हणाले, बायकांना आत येता येत नाही. मी म्हणाले, त्यांनीच सांगितलंय. तर म्हणाले, मयताच्या सांगण्यानं धर्म बदलत नसतो. भावाने आतून कडी लावली. ज्याने त्या पायाचा वाससुद्धा कधी घेतला नाही, त्याने माती टाकली. मी बाहेर फाटकाच्या पत्र्याला डोकं टेकून उभी."

ती उद्धवरावांकडे वळली. ते खाली बघत होते.

"भटजीने अडवलं की तो अन्याय. मौलानांनी अडवलं की ते वातावरण. माझ्यावर अन्याय झालाय एवढं म्हणायला मी कोणत्या धर्मात जन्माला यायला हवं होतं?"

तिने माइक टेबलावर ठेवला. कुणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि सोबत मिळेना म्हणून थांबवली. कुलदीप फोन खिशात घालून निघून गेला.

खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात झाली, तेव्हा उद्धवराव तिच्याजवळ आले.

"चुकलं असेल माझं," ते म्हणाले. "पण खरं सांगतो, भीती वाटते."

"मलाही वाटते," शमीम म्हणाली. "म्हणून तर तुमच्यात आले होते."