एका सेकंदाचे तीस फोटो

"बाई, परत एकदा घेऊ या का? डोळा सुटतोय," महेंद्र म्हणाला.

सकाळपासून चौथ्यांदा तो हेच म्हणत होता. वर्तकनगरच्या व्यायामशाळेत छताला टांगलेल्या मल्लखांबाच्या दोरीवर अकरा वर्षांची अंतरा कसरत करत होती आणि तिच्या बाई, मंदाकिनीबाई, खाली गादीच्या कडेला उभ्या होत्या. महेंद्र त्यांचाच जुना विद्यार्थी. एरवी वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांसाठी यंत्रांचे फोटो काढायचा. आता एका दुकानाने त्याला नवा मिररलेस कॅमेरा दोन दिवस वापरायला दिला होता. खेळाचे फोटो काढायचे आणि पहिलं मत लिहून द्यायचं.

"डोळा सुटतो म्हणजे काय रे?"

"बाई, हा माणसाचा डोळा स्वतःच शोधतो. डोळ्यावर हिरवी चौकट बसते आणि पोरगी कितीही गरगरली तरी सोडत नाही. सेकंदाला तीस फोटो, आणि आवाज शून्य. एकदम भारी. पण हिने वरून हात सोडले की चौकट डोळ्यावरून उडते. चारही वेळा त्याच जागी! काहीतरी लोचा आहे यात. लिहावं लागणार."

"तुझाच हात हलत असेल. खांबावर तरी कधी एका जागी राहिलास?"

"पोरीसमोर इज्जत ठेवा की, बाई."

अंतरा खिदळत पाणी प्यायला गेली. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि त्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकल्या.

रविवारी कल्याणला जिल्ह्याची निवड चाचणी होती. बाईंची सगळी भिस्त अंतराच्या शेवटच्या उडीवर होती. छताजवळ पोचून ती पायाला दोरीची अढी घालायची, दोन्ही हात सोडायची आणि डोकं खाली करून सरळ कोसळायची. गादीपासून हातभर उंचीवर ती अढी तिला थांबवायची. पाहणाऱ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. "हिला भीती म्हणून माहीत नाही," असं बाई येईल त्याला सांगायच्या. एक सेकंदही लागत नसे त्या उडीला. दोन वर्षांत बाईंनी ती शेकडो वेळा पाहिली होती. आता महेंद्र तीच उडी एकेक फोटो करून पुढे सरकवत होता.

पहिल्या चार फोटोंत हात दोरीवर होते. पाचव्यात सुटले, आणि डोळे मिटले.

सहाव्यातही मिटलेले. दहाव्यात, पंधराव्यात, विसाव्यात. पापणी लवली म्हणायची सोय नव्हती. डोळे गच्च आवळलेले, कपाळाला आठ्या, ओठ आत ओढलेले. अगदी शेवटी, दोरीने थांबवल्यावर, डोळे उघडले होते आणि तोंडभर हसू आलं होतं. बाईंना रोज दिसायचं ते एवढंच.

"अच्छा! म्हणजे कॅमेरा बरोबर आहे," महेंद्रने सुटकेचा श्वास टाकला. मग त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तिसरी उडी लाव."

तिसऱ्या उडीत दोरी घोट्यावरून सरकली होती. टाचेपर्यंत आली होती. टाचेच्या पुढे नुसता तळवा. एकाच फोटोत होतं ते. पुढच्या फोटोत पाऊल आपसूक वळलं होतं आणि दोरी पुन्हा अडकली होती. अंतराला त्याचा पत्ताही नव्हता. बाई जेमतेम चार हात अंतरावर उभ्या होत्या, आणि "शाब्बास" म्हणाल्या होत्या.

त्यांनी तळहात साडीला पुसले.

"बाई, चढू का परत?" अंतरा मनगटाने तोंड पुसत आली.

"थांब. मला एक सांग, उडी घेताना डोळे का मिटतेस गं?" बाईंनी आवाज जमेल तितका साधा ठेवला.

अंतराने महेंद्रकडे रोखून पाहिलं. "काका, चुगली केलीत?"

"मी कुठे? याने केली," महेंद्रने कॅमेरा दाखवला.

"मी विचारतेय, अंतरा."

"तुम्हीच सांगितलेलं ना! पहिल्यांदा मी वर अडकलेले, रडत होते, तेव्हा. तुम्ही म्हणालेलात, डोळे मीट आणि सोड, मी आहे खाली."

बाईंना आठवलं. असं त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल.

"अगं, ते त्या दिवसापुरतं होतं."

"मग उघड असं कुठे म्हणालात?"

बाईंनी महेंद्रकडून भिंतीजवळच्या आणखी दोन गाद्या ओढून घेतल्या, दोरीखाली रचल्या आणि हाताने दाबून पाहिल्या.

"आता वर जा. अढी घाल. हात सोडायचे नाहीत. डोळे उघडे ठेवून नुसतं खाली बघायचं आणि दोरी धरून उतरायचं."

"एवढंच? आणि रविवारी?"

"रविवारचं मागाहून बघू."

अंतरा नेहमीसारखी सरसर चढली. छताजवळ तिने अढी घातली, दोरी दोन्ही हातांनी धरली आणि मान वळवून खाली पाहिलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. दोरी तेवढी बारीक थरथरत होती. महेंद्रने कॅमेरा खाली घेतला.

"बाई," वरून बारीक आवाज आला, "आज दोरी जास्त उंच बांधलीय का हो?"