इनास लोपीसांचा माउथ ऑर्गन

"गाण्यांतल्या ट्रम्पेटच्या जागा मी रिकाम्याच ठेवीन, अंकल. दुसरा वादक नको," तालमीत गायिका ब्रिजेट म्हणाली आणि इनास लोपीसांनी मान खाली घातली.

अमेरिकन सोल गाणी वाजवणाऱ्या वसईच्या त्या बँडमध्ये ते तीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होते. स्कूटरवरून पडले आणि पुढचे चार दात गेले. आता ट्रम्पेट ओठांवर दाबला की कवळी सरकायची, सूर फाटायचा.

मग त्यांनी घरातला माउथ ऑर्गन काढला. त्यावर ओठ दाबावे लागत नव्हते. गाण्यांतले ट्रम्पेटच्या सुरांचे सगळे तुकडे त्यांनी तीन महिने त्यावर घोटले, पण जमेल याची खात्री नव्हती म्हणून कोणाला सांगितलं नाही.

चर्चच्या सणाला बँडच्या कार्यक्रमात ते आपल्या जुन्या माइकसमोर जाऊन उभे राहिले. ब्रिजेटने पहिली ओळ गाऊन ट्रम्पेटची जागा रिकामी सोडली, तेवढ्यात इनासनी ओंजळीतल्या माउथ ऑर्गनमधून तीन खणखणीत सूर फेकले. ती वळून बघतच राहिली. ड्रमवाला हसला. पुढची ओळ तिने डोळे पुसत गायली.

गाणं संपल्यावर इनासना तिचे आभार मानायचे होते. ते एवढंच म्हणाले, "थांबलीस माझ्यासाठी, पोरी."

"पुढचं गाणं तुम्ही सुरू करा," ती म्हणाली.